बंद लेअर

नकाशा भिंतीला चिकटवून झाला तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. धडगाव तालुक्यातलं गाव, सात पाड्यांत विखुरलेलं. शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली होती. नळपाणी योजनेचा आराखडा लोकांना दाखवायचा, कुणाची हरकत असेल तर लिहून घ्यायची, ठरावावर सह्या-अंगठे घ्यायचे आणि अंधार पडायच्या आत चांदसैलीचा घाट उतरायचा, एवढंच माझं काम. नकाशा मीच काढलेला होता. ए-वन आकाराचा रंगीत कागद. विहीर निळी, जलवाहिनी लाल, कंटूर हिरवे, घरं काळी. देखणा दिसत होता.

बाया एका बाजूला बसल्या होत्या. त्यांतली एक आजी उठली आणि सरळ कागदापाशी आली. तिला अक्षरओळख नव्हती, पण नकाशा वाचायला तिचं काही अडलं नाही. तिने शाळेवर बोट ठेवलं, तिथून नाल्याला लागली, नाल्याच्या वळणावर थांबली, मग पलीकडच्या टेकाडावर चढली आणि मला म्हणाली, "माझं घर कुठे आहे?"

ती पावरीत बोलली. आमच्याही घरची बोली तीच, त्यामुळे मला दुभाष्याची गरज नव्हती आणि न समजल्याचा बहाणाही करता येत नव्हता. तिचं बोट जिथे टेकलं होतं तिथे दोन कंटूरच्या मधे नुसता पांढरा कागद होता.

मी म्हणालो, "आजी, नकाशा लहान आहे. सगळी घरं येत नाहीत त्यात."

हे खोटं होतं. बाकीच्या सहा पाड्यांमधला गुरांचा गोठासुद्धा त्या नकाशावर होता. मग मागून एक तरुण पोरगा आला, त्याने दोन मिनिटं कागद न्याहाळला आणि आवाज न चढवता सांगितलं, "दादा, आमचा पाडाच नाहीये यात." एकोणीस घरं. पाडा नाही म्हणून तिकडे जाणारी नळीही नाही.

"प्रिंटमध्ये आलं नसेल," मी म्हणालो, "फाइलमध्ये आहे."

लॅपटॉप उघडला. फाइलमध्येही नव्हतं.

*

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. संगणकावरचा नकाशा एका कागदावर काढल्यासारखा दिसतो, पण असतो तो एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांचा गठ्ठा. एका कागदावर फक्त रस्ते, दुसऱ्यावर नाले, तिसऱ्यावर कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषा, चौथ्यावर घरं. या प्रत्येक कागदाला लेअर म्हणतात. साध्या नळपाणी योजनेच्या नकाशातही तीस-चाळीस लेअर्स सहज होतात. सगळ्या एकदम चालू ठेवल्या तर पडद्यावर नुसता गुंताडा दिसतो. म्हणून आम्ही ड्राफ्ट्समन दिवसभर एकच गोष्ट करत असतो : ही लेअर बंद कर, ती चालू कर.

ऑटोकॅडमध्ये लेअर्सची यादी उघडली की प्रत्येक नावापुढे छोट्या खुणा असतात. पहिली खूण दिव्याची. त्यावर क्लिक केलं की दिवा विझतो आणि ती लेअर दिसेनाशी होते. दुसरी सूर्याची. त्यावर क्लिक केलं की सूर्याच्या जागी हिमकण येतो. लेअर गोठली, फ्रीझ झाली. तीही दिसत नाही. तिसरं कुलूप. कुलूप लावलेली लेअर दिसते, पण तिच्यावरच्या रेघेला हात लावता येत नाही. आणि एक खूण प्रिंटरची. ती बंद केली की लेअर पडद्यावर दिसते, कागदावर उमटत नाही.

शिकाऊ पोरं हमखास विचारतात की विझवणं आणि गोठवणं यात फरक काय? दिसत तर दोन्हींत नाही. त्यावर ठरलेलं उत्तर असं की गोठवलेल्या लेअरकडे प्रोग्राम ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे जड फाइल हलकी चालते. विझवलेली लेअर दिसत नसली तरी पडदा नव्याने तयार करताना प्रोग्राम तिच्यावरची रेघ न् रेघ मोजत असतो. मीही हेच उत्तर पाठ केलं होतं आणि आठ वर्षं इतरांना देत होतो. संगणक जुना असला की गोठवा, नवा असला की नुसतं विझवलं तरी चालतं, असं मी सांगायचो.

त्यातला दुसरा फरक मला माहीत होता, पण अंगात मुरलेला नव्हता. इरेजची कमांड देऊन 'ऑल' म्हटलं, तर सगळं म्हणजे किती? डोळ्यांना दिसतंय तेवढं सगळं, असं आपण धरून चालतो. प्रोग्रामचा हिशेब वेगळा आहे. गोठवलेलं आणि कुलूपबंद तेवढं तो वगळतो, बाकी सगळं घेतो. दिवा विझवलेली लेअर या 'बाकी'त येते. तिच्यावरच्या वस्तू न दिसता निवडल्या जातात आणि न दिसता पुसल्या जातात.

*

झालं ते असं. त्या गावची मोजणी दोन खेपांत झाली होती. पहिल्या खेपेला सहा पाडे झाले, मग पाऊस लागला. नाल्यापलीकडचा पाडा राहिला, तो पंधरा दिवसांनी दुसऱ्या मोजणीदाराने केला. टोटल स्टेशन यंत्र घेऊन मोजणीदार एकेका ठिकाणी बिंदू घेतो आणि त्या बिंदूला संकेत देतो : हे घर, हा विजेचा खांब, हा रस्त्याचा काठ. संकेत बरोबर दिला की फाइल तयार होताना ती वस्तू आपापल्या लेअरवर जाऊन बसते. दुसऱ्या मोजणीदाराने घरांना संकेतच दिले नव्हते. त्याने चौकोन जोडले होते, पण ते सगळे 'मिसलेनियस' नावाच्या लेअरवर पडले होते. मराठीत 'इतर' किंवा 'किरकोळ'. एक अख्खा पाडा किरकोळीत जमा झाला होता.

माझ्याकडे फाइल आली तेव्हा पडदा बिंदूंनी गजबजला होता. प्रत्येक बिंदूला क्रमांक, उंची आणि संकेत, असे हजारो आकडे. मला कंटूर नीट बघायचे होते. 'मिसलेनियस'चा दिवा मी विझवला. काय आहे तिच्यात ते उघडून पाहिलं नाही, नाव वाचून विझवला. मग कंटूर, रस्ते, नाले, घरं या माझ्या दृष्टीने कामाच्या लेअर्सना कुलूप लावलं आणि उरलेला कचरा एका झटक्यात साफ करायचा म्हणून इरेज, ऑल, एंटर. पडदा स्वच्छ झाला. खाली कमांडच्या ओळीत किती वस्तू सापडल्या त्याचा आकडा येतो. मी तो वाचला नाही. मग पर्ज केलं. पर्ज म्हणजे ज्या लेअर्सवर आता काहीच उरलेलं नाही, त्यांची नावंही यादीतून काढून टाकणं. फाइल सुटसुटीत होते, साहेब खूश होतात. सेव्ह केलं, चहा पिऊन आलो, थोडं काम करून पुन्हा सेव्ह केलं. ऑटोकॅड आधीच्या सेव्हची एक प्रत राखून ठेवतो, पण एकच. दुसऱ्यांदा सेव्ह करताच तीही गेली.

त्यामुळे त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मी लॅपटॉपवर सगळे दिवे लावले, सगळे हिमकण वितळवले, तरी पाडा आला नाही. नुसती घरं गेली असती तर रिकामी लेअर तरी सापडली असती, आणि इथे काहीतरी होतं एवढं तरी मला कळलं असतं. पर्जमुळे यादीत नावसुद्धा राहिलं नव्हतं. नकाशा आतून-बाहेरून पूर्ण दिसत होता. मी स्वतः तपासला असता तरी मला चूक सापडली नसती. ती सापडायला तिथे राहणारं माणूसच लागणार होतं.

चूक मोजणीदाराच्या यंत्रातल्या मूळ नोंदींवरून दोन दिवसांत दुरुस्त झाली. एकोणीस चौकोन परत आले. पण ते परत आले तेव्हा वेगळीच गोष्ट लक्षात आली. तो पाडा आम्ही ठरवलेल्या टाकीच्या जागेपेक्षा बारा मीटर उंचावर होता. टाकीतून खाली येणारं पाणी उताराने येतं, चढत नाही. टाकी तिथेच बांधली गेली असती तर नंतर कितीही नळ्या टाकल्या तरी त्या टेकाडावर थेंब पोचला नसता. माणशी रोज ५५ लिटर हा हिशेब कागदावर बरोबर राहिला असता आणि आजी नाल्यावर हंडा घेऊन जात राहिली असती. टाकीची जागाच वर सरकवावी लागली.

ऑफिसमध्ये साहेबांना सांगितलं तेव्हा ते हातातला कप खाली ठेवून अहिराणीत एवढंच म्हणाले, "काय करी बठना रे तू?" काय करून बसलास. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

*

आयटीआयला असताना आम्हाला शिकवणारे निदेशक जुन्या टेबलावरचे ड्राफ्ट्समन होते. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं, पण आमच्या भागातल्या ऑफिसांत संगणक पोचायला बराच काळ जावा लागला. सरांच्या नोकरीची पहिली वर्षं ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन आणि अमोनिया प्रिंट यांत गेलेली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिले काही महिने त्यांनी आम्हाला संगणकाला हात लावू दिला नाही. घराचा प्लॅन एका ट्रेसिंगवर, विजेची जोडणी दुसऱ्यावर, पाण्याची तिसऱ्यावर. चारही कोपऱ्यांतल्या खुणा जुळवून ती एकमेकांवर ठेवायची. रेघ चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. आम्हाला तो छळ वाटायचा.

या प्रकारानंतर मला ती ट्रेसिंग आठवत राहिली. विजेचं ट्रेसिंग नको असेल तर आम्ही ते उचलून कपाटात ठेवायचो. कपाटातल्या कागदावर टेबलावरचं ब्लेड चालत नाही. गोठवणं म्हणजे कपाटात ठेवणं. दिवा विझवणं म्हणजे कागद टेबलावरच राहू द्यायचा, फक्त आपण डोळे मिटून घ्यायचे, आणि हातात ब्लेड तसंच. हे सर कधी असं बोलले नाहीत. त्यांच्या टेबलावर डोळे मिटून काम करायची सोयच नव्हती, त्यामुळे त्यांना ते सांगावं लागलं नाही.

*

ग्रामसभेच्या त्या रात्री मी नंदुरबारला न जाता घरी गेलो. घाट उतरला की तळोदा तालुका लागतो आणि आमची वसाहत तिथेच आहे. सरदार सरोवराने उठवलेल्या लोकांची. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या पाण्याने बाधित झाली, अक्कलकुव्यातली ९ आणि अक्राणीतली म्हणजे धडगावकडची २४. आमचं त्या चोवीसांतलं एक. मी सात-आठ वर्षांचा असताना आम्ही खाली आलो. माझ्या आठवणीत नदी आहे, वाळू आहे, आणि सामानाने भरलेल्या ट्रकमध्ये ओरडणाऱ्या कोंबड्या आहेत. गाव असं फारसं नाही.

जेवताना बाला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो म्हणेल की होतं असं, दुरुस्त कर म्हणजे झालं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ती म्हातारी उठून आली म्हणून. आमच्यात कुणी उठून गेलं नाही."

मग त्याने आमच्या गावच्या मोजणीचं सांगितलं. हे मी तुकड्या-तुकड्यांनी आधी ऐकलेलं होतं, पण नकाशा काढणारा म्हणून पहिल्यांदाच ऐकत होतो. लांब पट्टी घेऊन माणसं आली, डोंगराच्या अंगाने दगड रोवत गेली, दगडांवर रंग लावला. या दगडाच्या खालचं पाण्यात जाणार, वरचं राहणार. दुसरी माणसं वही घेऊन आली. घरात किती माणसं, वय काय, जमीन कुणाच्या नावावर. नर्मदा पाणी तंटा लवादाचा अंतिम निवाडा १९७९ च्या डिसेंबरचा. त्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरावा असं म्हटलेलं आहे. माझा धाकटा काका तेव्हा लग्न झालेला, एका पोराचा बाप. वहीत त्याचं वय अठराच्या आत लागलं. जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. लिहिणाऱ्याने अंगाकडे बघून आकडा टाकला आणि काका अंगाने किरकोळ होता.

आमच्याकडे 'घोषित' आणि 'अघोषित' असे दोन शब्द आहेत. लहान पोरालाही माहीत असतात. ज्याचं नाव यादीत तो घोषित. त्याला जमीन, घराचा प्लॉट, ट्रक. ज्याचं नाव नाही तो अघोषित. आजाच्या खात्यावर बा खाली आला. काका वर राहिला. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. १९९९ मध्ये ८५ मीटर, सर्वोच्च न्यायालयाचा २००० च्या ऑक्टोबरातला निकाल लागल्यावर ९०, मग ९५, १००, ११०, आणि २००६ मध्ये १२१.९२. शेवटी १३८.६८ मीटरपर्यंत पाणी पहिल्यांदा भरलं ते २०१९ च्या सप्टेंबरात. बाहेरच्या माणसाला हे आकडे वाटतात. काकाला ती घरं होती. पाणी आलं की कुडाच्या भिंती सोडायच्या, सागाचे खांब उपटायचे, खांद्यावर घालून वर न्यायचे आणि पुन्हा उभारायचे. असं त्याने तीन वेळा केलं. त्याचं नाव यादीत आलं, पण तोवर त्याच्या पोराला मिशा फुटल्या होत्या.

"तो होता ना तिथे," बा म्हणाला. "सगळ्यांना दिसत होता. फक्त वहीत दिसत नव्हता."

*

त्या दिवशी माझ्या लॅपटॉपमध्ये अख्ख्या तालुक्याची एक फाइल होती. योजनेची जागा कुठे आहे ते दाखवायला आम्ही नकाशाच्या कोपऱ्यात छोटा नकाशा देतो, त्यासाठी केलेली. तळाला भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट स्कॅन करून लावलेली, पाणी भरण्याच्या कितीतरी आधीची. वर माझ्या लेअर्स : तालुक्याची हद्द, रस्ते, आणि उत्तरेला निळ्या रंगाने भरलेला जलाशय. मी ती फाइल उघडली आणि जलाशयाच्या लेअरचा दिवा विझवला.

खाली टोपोशीट होती. कंटूरच्या तपकिरी रेषा नदीपर्यंत उतरत गेलेल्या, नाले, पायवाटा, गावांची नावं. त्या शीटवर कंटूर २० मीटरच्या अंतराने आहेत, म्हणजे १२० ची रेघ आहे, १४० ची आहे, १३८.६८ ची नाही. पाण्याची कड १४० च्या रेघेच्या जराशी आतून जाते. आमच्या गावाचं नाव त्या रेघेच्या बरंच खाली छापलेलं होतं आणि नावाशेजारी पाच-सहा काळे ठिपके होते.

बाने चष्मा पुसला. आजीसारखंच त्यानेही आधी नाल्याचं तोंड शोधलं, मग तिथून तो वर चढत गेला. "हे आमचं घर नाही," ठिपक्यांवर बोट ठेवून तो म्हणाला. "इथे पोलीस पाटलाचं. आमचं नाल्याच्या अलीकडे." मी म्हणालो, "बा, ५० हजारांत एक या प्रमाणाचा नकाशा आहे. एका सेंटिमीटरमध्ये अर्धा किलोमीटर येतो. यात प्रत्येक घर नसतं, खूण म्हणून चार ठिपके देतात." बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की दुपारी आजीला मी हेच सांगितलं होतं. फरक एवढाच की आता ते खरं होतं.

मी नवी लेअर केली. नाव दिलं 'जुनं गाव'. बा सांगत गेला, मी चौकोन काढत गेलो. अर्थात ही मोजणी नव्हे. अंतरं त्याने हाकेत सांगितली : इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाईल एवढं. पण क्रम पक्का होता. कुणाच्या घरामागे कुणाचं घर, कुणाचा गोठा कुणाच्या शेताला लागून. सव्वीस घरं झाली. मला वाटलं संपलं, तर तो झाडांवर आला. मोहाची झाडं. नुसती झाडं नव्हेत, कुणाची कोणती ते. आमच्याकडे मोहाचं झाड वाटणीत येतं, त्याच्या फुलांवर हक्क असतो. पाच आमची होती. मग होळी पेटवायची जागा. मग नदीत उतरायची वाट. आई आतून ओरडून सांगत होती की ती वाट तिथे नव्हती, वडाच्या बाजूने होती. दोघांचं त्यावर जुंपलं. शेवटी मी दोन्ही वाटा काढल्या.

काकाची घरं चार झाली. एक मूळचं, तीन वर सरकत गेलेली. चौथं १४० च्या रेघेच्या वर होतं.

शेवटी मी जलाशयाचा दिवा पुन्हा लावला. निळं पाणी सगळ्यावर पसरलं. बाने विचारलं, "गेलं का सगळं?" मी म्हणालो, नाही, खाली आहे. लेअरला पारदर्शकपणा देता येतो. मी पाणी अर्धं पारदर्शक केलं आणि चौकोन निळ्यातून दिसू लागले. वर राहिलेलं चौथं घर तेवढं कोरडं दिसत होतं. बा बघत राहिला. मला वाटलं त्याला भरून येईल, पण त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. "आता यावर चुकून काही पुसलं जाणार नाही असं कर," तो म्हणाला. मी कुलूप लावून दाखवलं. मग त्याने विचारलं, कागद निघेल का याचा?

पुढच्या आठवड्यात मी नंदुरबारहून ए-थ्री आकाराचा प्रिंट काढून आणला. मला वाटलं होतं, भिंतीवर लावेल. त्याने घडी केली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवला, जिथे जमिनीचे कागद, नोटिसा आणि काकाचे जुने अर्ज आहेत तिथे. त्या कागदाला कुठल्याही कचेरीत किंमत नाही हे त्याला माहीत आहे. तरी तो त्या पेटीत आहे.

*

माझ्या कामात आता काही सवयी बदलल्या आहेत. सांगण्यासारखं त्यात फार नाही, पण एखाद्या शिकाऊ पोराच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. नको असलेली लेअर मी विझवत नाही, गोठवतो. 'मिसलेनियस' नावाची लेअर आली की आधी बाकीच्या सगळ्या बंद करून ती एकटी बघतो. पुसायच्या आधी कमांडच्या ओळीतला आकडा वाचतो, आणि तो माझ्या अंदाजापेक्षा मोठा असेल तर हात थांबवतो. आणि नकाशा गावात दाखवून होईपर्यंत पर्ज करत नाही. फाइल जड राहते, साहेब कुरकुरतात. कुरकुरू देत.

चालू लेअर म्हणजे ज्या लेअरवर तुम्ही या क्षणी रेघा ओढताय ती. ती गोठवायला गेलं तर ऑटोकॅड नकार देतो. विझवायला गेलं तर फक्त विचारतो, नक्की का? हो म्हटलं तर विझवूही देतो. मग तुम्ही रेघ ओढता आणि ती उमटताना दिसत नाही. मी काही दिवस याच्यावर बराच विचार करायचो. घोषित-अघोषितच्या वह्या लिहिणारी माणसं वाईट होती असं बासुद्धा म्हणत नाही. उन्हात डोंगर चढून आली होती, त्यांना संध्याकाळपर्यंत पानं भरायची होती. मलाही पडदा स्वच्छ करायचा होता.

दुरुस्त नकाशा घेऊन महिन्याभराने पुन्हा वर गेलो. जानेवारी होता. नंदुरबारमध्ये मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या, शहर लाल झालेलं आणि जो तो शिंकत होता. घाट चढल्यावर नाक मोकळं झालं. या वेळी ग्रामसभा नाल्यापलीकडच्या पाड्यावरच घ्या, असं त्या तरुण पोराने फोनवर सांगितलं होतं. पाड्यालाही आपली ग्रामसभा मागता येते, पेसाच्या नियमांत तशी तरतूद आहे, हेही त्याने ऐकवलं. मी नियम वाचून गेलो. त्याचं बरोबर होतं.

भिंत नव्हती म्हणून नकाशा खाटेवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. आजी आली. तिने पुन्हा नाल्यापासून सुरुवात केली. वळण, टेकाड, आणि मग एकोणीस चौकोन. तिने ते मोजले. आपल्या चौकोनावर बोट ठेवलं, मग ते शेजारच्या चौकोनावर नेलं आणि कुणाचं घर ते बोलून पाहिलं. टाकी वरच्या बाजूला सरकलेली तिला पोरांनी दाखवली. मी ठरावाचा कागद पुढे केला.

तिने अंगठा उठवला नाही. ती अजून नकाशातच होती. "मोह कुठे आहे?" तिने विचारलं. "माझ्या घरामागचा?"

मी सांगितलं की आजी, झाडं मोजलेली आहेत. पण झाडांची लेअर वेगळी असते, प्रिंट काढताना ती बंद ठेवतो. नळीच्या कामाला झाडं लागत नाहीत.

"नळी कुठून जाणार?"

मी लाल रेघ दाखवली. ती तिच्या घरामागूनच जात होती.

"मग ती चालू कर," आजी म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला.